उलटा कान

तासगावच्या सरकारी दवाखान्यातलं घड्याळ
पाच मिनिटं पुढं होतं,
असं हसीना मुलाणी शपथेवर सांगते.
"एक जानेवारी, बारा वाजून चार मिनटं लिवलंय.
म्हंजी बाई, खरं तर एकतीसच की!"

संगणकाला ते घड्याळ माहीत नाही.
तारीख टाकली की चौकट लाल होते.
तीनदा टाकून बघितली, तिच्यादेखत.
चौथ्यांदा उगाच.

अंगणवाडी बाराला सुटते.
मग तौफिक तिच्यामागं बेदाण्याच्या शेडवर,
गंधकाच्या वासानं खोकत,
खोक्यांवरचे आकडे मोठ्यानं वाचत.
सातपर्यंत बरोबर.
आठ त्याला आडवा दिसतो.

माझे वडील एक जूनचे.
चुलतेही. धाकटी आत्याही.
गुरुजींनी पोरं ओळीनं उभी केली,
डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला;
ज्याचा पोचला, तो सहा वर्षांचा.
आमच्या घरात एकाच दिवशी तीन वाढदिवस,
खरा एकही नाही,
आणि तिघंही शिकले.

"तौफिक, कान धर बघू. असा न्हाई, वरनं."
जीभ दातांत धरून त्यानं हात ताणला,
मान वाकडी केली. मी म्हटलं, मान सरळ.
मधलं बोट तेवढं टेकलं.
"लागला!"

चौकट लालच.

दुपारी खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाईंना म्हटलं,
उद्यापासून मूठभर तांदूळ जास्त टाका.
"कुणाच्या नावावर?"
हजेरीपट मिटत म्हटलं,
एक जूनवाल्यांच्या.