डेंझिलचा झेल

क्रॉस मैदानावर रविवारी
पंधराएक मॅचेस, सगळ्या क्रिकेटच्या.
कडेला, गवत संपतं तिथे
आमचा गोल: एकीकडे दोन चपला,
दुसरीकडे मोरेश्वरची बॅग.

कुणाचा तरी लाँग ऑन
कायम आमच्या डीमध्ये उभा.
"जरा सरक ना," म्हटलं
की भाडं थकवलेल्यांकडे बघावं
तसा बघायचा.

कलिनाचा डेंझिल आमचा गोली.
तीन वर्षांत त्याने काय काय अडवलं
ते आम्हां दहा जणांना माहीत,
आणि चणेवाल्याला, थोडंफार.

त्या दिवशी चेंडू आला तो आभाळातून. लाल.
डेंझिल सवयीने उडाला,
एका हातात घेतला.
सिक्सर होती ती, आउट नव्हताच कुणी,
तरी अख्खं मैदान टाळ्या वाजवायला लागलं.
अनोळखी माणसं धावत आली, पाठ थोपटली.
"कुठल्या क्लबचा रे तू?"
स्कोअररने वही मिटून विचारलं.

तेवढ्यात मागे आमच्यावर गोल झाला.
ज्यांनी मारला तेही ओरडले नाहीत,
तेही तिकडेच बघत होते.

डेंझिल तळहात चोळत परत आला.
"केवढा कडक असतो यार," म्हणाला,
आणि वाकून
चपला पुन्हा नीट लावल्या.