नंबरिंग सेक्शन

अण्णांनी एकतीस वर्षं नोटांवर आकडे छापले,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीसच.
भोंगा झाला की खिसे उलटे करून झडती द्यायची
आणि उद्याचा पहिला आकडा तेवढा डोक्यात घरी आणायचा.

निवृत्तीनंतर दर बुधवारी एक लॉटरीचं तिकीट.
आईची तिथी, माझा रोल नंबर,
जेलरोडच्या जुन्या खोलीचा वीजमीटर,
सगळे आकडे लावून झाले.
"तुझ्या त्या यंत्राला विचार की."

यंत्र म्हणजे कॉलेजच्या लॅबमधला काळा खोका,
आत अर्धवट मुलाम्याची काच.
प्रकाशाचा एकेक कण सोडायचा:
पार गेला तर शून्य, वळला तर एक.
रविवारी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले.
द्वारका सर्कलला, ट्रकांच्या गर्दीत,
त्यांनी तीन नंबरप्लेटी मोठ्याने वाचल्या.

दिवे मालवले.
टिक.
बराच वेळ काही नाही.
टिक टिक.

"वळायचं हे कोण ठरवतं?"
कोणी नाही, अण्णा.
"कोणी म्हणजे, तोसुद्धा?"
मी उगाच वायर सारखी केली.
"काच तिरकी असेल. धूळ बघ."
धूळ नाही. मागे कारणच नाही.

ते उभेच राहिले,
शीटवरचा मधलाच आकडा गळालेला दिसावा
आणि फोरमन घरी गेलेला असावा, तसे.

पाच शून्य नऊ नऊ दोन आठ.
"नऊ दोनदा?"
आधी काय आलं ते त्याला आठवत नाही.
"सुखी आहे," म्हणाले.

बिटको चौकात सुकदेव गांगुर्डेनं
थुंकी लावून गठ्ठा चाळला.
"पाचची सिरीज मालेगावला गेली, काका.
माझ्याकडे दोनची. ओळीने आहेत बघा सगळी."
"ओळीने," अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले,
आणि हसले, कवळी हलेपर्यंत.
"वरचं दे."
तिकीट उन्हात धरलं, आकड्यांवरून अंगठा फिरवला.
"दशकाचं चाक ढिलं पडलंय कुणाचंतरी."

निकालात काही नव्हतं. ते आम्हाला सवयीचं.
पुढे कधीतरी त्यांच्या चष्म्याच्या घरात
लॅबमधली ती चिठ्ठी सापडली.
माझ्या अक्षरात पाच शून्य नऊ नऊ दोन आठ,
आणि त्याखाली, निळ्या शाईत, सरळ रेषेत,
त्यांच्या हातचं:
पाच शून्य नऊ नऊ दोन नऊ.