आतला खिसा

मधू केंकरे, काजूवाला, दुकानात आला
आणि शटर अर्धं ओढून म्हणाला,
मेस्ता, आत एक खिसा हवा. उजवीकडे, कमरेला.

डिचोलीच्या बाजारात तीस वर्षं शिवतोय मी,
चोरखिसे मला नवे नाहीत :
मोलकरणींच्या परकरात पगाराचे,
बोटीवर जाणाऱ्या पोरांच्या जाकिटात पासपोर्टाचे,
एका पाद्रीच्या झग्यात तपकिरीचा.
विचारलं, किती लांब? किती जड?
त्याने ते कात्रीच्या शेजारी ठेवलं,
वर परवान्याची वही, शिक्क्यासकट.

"हंगामात नोटांची पिशवी घेऊन
पार सत्तरीच्या टोकापर्यंत जातो मी, एकटा.
हक्क आहे माझा."
आहे की. मी कुठं नाही म्हटलं.
गेल्या साली पुलावर
माझ्या मेहुण्याची चेन ओढली, दोन दात पाडले,
तेव्हा मीही आठवडाभर
हीच कात्री उशाला घेऊन निजलो होतो.

टेप धरला. कंबर चाळीस.
ड्रिलचं कापड, दुहेरी शिवण,
सदरा दोन बोटं सैल,
फुगवटा पोटाचाच वाटावा असा.
आरशात वळून वळून पाहिलं त्याने.
"काय दिसतं?"
म्हटलं, पात्रांव, सुखवस्तू माणूस.

निवडणूक लागली, हत्यार चौकीत जमा झालं.
तो महिनाभर त्या खिशात
गोदामाचं जुनं कुलूप घालून फिरला.
म्हणे, नाहीतर चालताना तोल जातो.

चवथीच्या आधी परत आला, सदरा घेऊन.
"बघ, दिसायला लागलंय."
टेप धरला. कंबर चौतीस.
झोप नाही, म्हणाला. देवळात बसलो
तरी मागे कोण बसलंय ते बघतो.
पाठीमागे मोटारसायकल हळू झाली
की हात आपोआप जातो.
बायको आता उजव्या कुशीला झोपत नाही.
विचारलं, कोणी अंगावर आलं का कधी?
"नाही. एकदाही नाही."
हे तो तक्रार केल्यासारखं म्हणाला.

सदरा आवळला तर ते दिसतं,
सैल ठेवला तर माणूसच दिसत नाही.
मी खडूने रेघ मारली, पुसली,
पुन्हा तिथंच मारली.

"शनिवारी नेतो," म्हणाला,
आणि अर्ध्या शटरखालून बाहेर पडताना
आधी कमरेवर हात ठेवला,
मग डोकं वाकवलं.