बारा बोटं

घाटनांदूरच्या पुढे, एका वाडीत
होळीच्या आधी बारा बायांची बोटं टोचली.
कापूस, सुई, थेंब.
वहीत बारा आकडे.

रात्री अंबाजोगाईला, हॉस्टेलवर
विचलन काढलं, सूत्रात टाकलं :
एकशे आठ बाया लागतील.

मग अयोध्याबाईचा सहा पूर्णांक दोन
अंगठ्याखाली झाकून पाहिला.
बासष्ट.

एका थेंबानं सेहेचाळीस बाया
दाराशी आणून उभ्या केल्या होत्या.

सर हसले. "बाराजणींवरून काढलेलं विचलन
हाही अंदाजच, बाई.
वरची कड धर. एकशे सत्तर म्हण."
आणि अंगठा?
"तो काढ आधी."

लोहाच्या गोळ्या घेऊन परत गेले.
पाचटानं चिरलेले हात
अयोध्याबाई तेलानं चोळत बसलेली.
"म्या आजारी पडले म्हणून मुकादमानं आधी धाडलं.
टोळीतल्या बाकीच्या
अजून कारखान्यावरच हायेत.
त्या आल्यावर टोचायचं व्हतं की."

वहीत मी तारखेभोवती गोल काढला.
सूत्रात तारखेला
जागाच नव्हती.