जर-तरचा तास

औसा. नववी ब. शेवटचा तास.
फळ्यावर तीन चौकटी आखल्या.
पहिली : होऊ शकतं.
दुसरी : होत नाही, पण समजा.
तिसरी : होऊन गेलं, आता इलाज नाही.

पहिल्या चौकटीत सगळे धडाधड उड्या मारतात.
इफ द बस विल कम, म्हणतो शिवकांत,
आणि दोन वर्षं मी त्याचं तेच विल खोडते आहे.
इफच्या घरात विल राहत नाही रे,
ते स्वल्पविरामाच्या पलीकडे.
कामून पण मॅडम? बस तं अजून यायचीय.

तू घरी काय म्हणतोस?
बस आली तर जाईन.
आली?
वर्ग गप्प.
न आलेली बस आपणही आलेलीच धरतो
आणि पिशवी घेऊन फाट्यावर उभे राहतो.
हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या चौकटीत तरन्नुम अडली.
आय वॉज चुकीचं आणि आय वेअर बरोबर, हे कसं?
म्हटलं, जे नाही त्यासाठी
त्यांनी क्रियापदाला वेगळा सदरा शिवलाय,
लांबूनच ओळखू यावं म्हणून.
म्हणजे मॅडम, खोटं बोलताना ते आधी सांगतात?
वर्ग हसला. मीही हसले,
खडूची पूड नाकात गेली.

तिसरीचा गृहपाठ होता.
छत्तीस वह्यांमध्ये कुणीतरी अभ्यास केला असता
आणि पास झाला असता.
एकीत भारत हरला नसता.
मन्मथच्या वहीत एकच ओळ, आडव्यातिडव्या अक्षरात :
इफ माय फादर हॅड गॉन होम टू स्लीप,
आय वुड नॉट बी हिअर.

लाल पेन बीवर टेकलं.
अर्धं वाक्य तिसऱ्या चौकटीत, अर्धं दुसऱ्या.
एक बाही एका कापडाची, दुसरी दुसऱ्या.
इकडे ये, म्हटलं, हे काय लिहिलंस?

तो टेबलाच्या कडेला बोट घासत राहिला.
मपल्या बापाचं हाय ते, म्हणाला.
त्र्याण्णव साली बाप आठ वर्षांचा.
गणपती बोळवून आला
अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच झोपला, गुलालासकट.
कुणी उठवलंच नाही.
पहाटं माळवदं बसली.

मन्मथ नव्या गावाचा.
सरळ गल्ल्या, घरांना क्रमांक.
जुन्या गावात आता बाभळी आहेत,
शेळ्या घेऊन कुणी गेलंच तर जातं.

जर-तरला काय अर्थ आहे, म्हणतात मोठी माणसं.
मीही म्हणत आले, पालकसभेतसुद्धा.
आणि इथे समोर
स्वल्पविरामानंतरचं अख्खं वाक्य उभं होतं,
वरचं बटण तुटलेलं,
मिसरूड फुटायला लागलेलं.

टेकलेल्या पेनाचा ठिपका पडला होता.
तो तसाच ठेवून
खाली बरोबरची खूण केली.
मोठी झाली जरा.

मॅडम, अजून एक करायचं होतं.
कर की.
आत्या असती तर.
ती घरातच झोपली होती, पाच वर्षांची.
तिला कोणती चौकट?

मी फळ्याकडे वळले.
इंग्रजी सुचलं नाही, मराठीच लिहिलं :
आत्या घरी असते.
आत्या घरी असती.
मात्रा गेली, वेलांटी आली.
बाकी सगळी अक्षरं तीच,
घर तेच.

मन्मथनं दोन्ही ओळी उतरवून घेतल्या.
का, ते मी विचारलं नाही.
तेवढ्यात दारातून शिवकांत ओरडला,
बस आली, बस आली!
बाकं सरकली, डबे वाजले,
मन्मथही दप्तर सावरत पळाला.

खिडकीतून पाहिलं.
खरंच आली होती.