पंचवीस विड्यांचं अंडं

आज आणलेली अंडी मी आज उकडत नाही.
यादगिरीच्या दुकानातून पेपरात गुंडाळून येतात,
दोन दिवस फळीवर बसतात, पिठाच्या डब्याशेजारी.
ताजं अंडं हट्टी.
सोलताना कवचाबरोबर पांढरंही ओढून नेतं
आणि पोरीच्या ताटात पडतं ते
अक्कलकोट रोडसारखं, खड्ड्याखड्ड्यांचं.

पाणी अंड्याच्या वर बोटाचं एक पेर.
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो,
म्हणून जास्त नाही.
उकळी फुटली की पळीनं एकेक सोडायचं.
सोडायचं म्हणजे टाकायचं नाही,
झोपलेलं लेकरू पाळण्यात उतरवतो तसं.

मला उकळी ऐकू येत नाही.
बत्तीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली,
डावा कान तर पारच गेला.
म्हणून मी झाकणावर बोट ठेवतो.
अंडी तळाशी एकमेकांना धक्के देतात,
ते बोटाला कळतं.
धक्के वाढले की गॅस कमी.
अंडं उकडायचं असतं बे, आपटायचं नसतं.

भिंतीवर घड्याळ आहे, सेल नाही.
आमचं घड्याळ नागमणी.
दारात सूप मांडीवर घेऊन बसते,
पानं, कात्री, तंबाखू, दोरा.
मी म्हणतो, "टाकली गं."
ती नवा कट्टा सुरू करते.

बारा विड्यांना पिवळं वाहतं.
अठराला मऊ, तापातून उठलेल्या माणसाला द्यावं असं.
पंचविसावीचं तोंड ती नखानं मुडपते,
कट्ट्याला दोरा गुंडाळते, दातानं तोडते.
तो आमच्या घरातला गिरणीचा भोंगा.
पुढं ठेवलं तर पिवळ्याभोवती हिरवी रेघ धरते.
एकदा राजेश्वरी गप्पा मारायला बसली,
नागमणीचे हात थांबले,
त्या दिवशी आम्ही रबर खाल्लं.

भोंगा झाला की लगेच माठातलं पाणी.
मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी निम्मं उकडलेलंच येतं,
त्यात अंडं गार होत नाही, शिजतच राहतं.
प्यायचं पाणी अंड्यांवर ओततो म्हणून
नागमणी रोज बोलते, तेलुगूत.
(आमच्यात भांडण तेलुगूत, हिशेब मराठीत.)
बोलू दे. तेच पाणी पुन्हा
कढीपत्त्याच्या डब्यात जातं.

सोलायचं रुंद बाजूनं. तिथं हवेची पोकळी असते.
टिचकी मारायची, पापुद्र्याखाली अंगठा घालायचा.
उभं चिरायचं, वर शेंगाचटणी,
खाली कडक भाकरीचा तुकडा.
सात वाजता श्रावंती पार्कवरून पळून येते,
तिच्यासाठी चाललंय हे सगळं.

पोलीस भरती. आठशे मीटर.
"आई, माझे आठशे मीटर म्हणजे तुझ्या आठ विड्या,"
ती म्हणाली होती.
मार्चमध्ये नऊ लागल्या.

घरी आली, बूट काढले, भिंतीकडं तोंड करून पडली.
मी काय बोलणार.
कारखान्यात कट्ट्यात एक विडी कमी निघाली
तर अख्खा कट्टा अंगावर येतो,
हे या घराला कुणी शिकवायला नको.
नागमणीनं फक्त बुटातली माती
उंबऱ्यावर आपटून काढली.

दुसऱ्या दिवशी मी तरी पाणी ठेवलं.
सवय. दोन अंडी पळीनं उतरवली.
"टाकली गं."
दारात पान कापल्याचं दिसलं, ऐकू आलं नाही.

श्रावंती उठून कधी आली कळलं नाही.
ओट्याशी उभी राहिली, काहीतरी म्हणाली.
कान पुढं केला तर मान हलवली, राहू दे.
मग झाकणावर, माझ्या बोटाशेजारी,
तिनं आपलं बोट ठेवलं.
चटका बसला. काढलं.
फुंकर मारली,
परत ठेवलं.