गाली

आमच्या घरात वाऱ्याला गाली म्हणतात.
शाळेत बाईंनी विचारलं, झाडं कशानं हलतात,
यादगिरी उठून म्हणाला, गालीनं.
वर्ग हसला. बाईंनी पट्टी उचलली,
मग कुणीतरी सांगितलं, तेलुगू आहे ती, शिवी नाही.

तोच यादगिरी आता
समुद्रातल्या एका बेटावर
पहाटे पाचला फुगा सोडतो
आणि दुर्बिणीला डोळा लावून
फुगा दिसेनासा होईपर्यंत वाऱ्याचा हिशेब लिहितो.
सरकार याचा पगार देतं
हे आईला अजून खरं वाटत नाही.

कपाटाच्या दाराला नकाशा चिकटवलाय.
सोलापूर एका बोटाखाली झाकतं.
उजवीकडं, निळ्यात, त्याची बेटं,
वरून खाली, तुटक तुटक.
आई विड्या वळते, पण बाप मागावर होता,
म्हणून पहिल्याच दिवशी बोलली,
ताणा तुटलाय इथं.
गाठ मारायची राहिली कुणाची तरी.

आश्विनात तिकडं वारा फिरतो.
नैऋत्येचा थकलेला, ईशान्येचं अजून ठरत नाही,
मधले काही दिवस समुद्रावर कुणाचंच राज्य नसतं.
फोनवर सांगतो,
सकाळी झावळ्या उत्तरेकडं विंचरलेल्या,
दुपारी दक्षिणेकडं,
संध्याकाळी माड नुसते उभे, केस सोडून.
बोट चार दिवस आली नाही, कांदे संपले.
शेजारच्या बेटावर पाऊस दिसतो,
राखाडी चादर, काठ अगदी सरळ,
आमच्यात मात्र ऊन.
तिथं काय?
मी म्हणते, इथं काय. टॉवेल, ऊन, टॉवेल.

वारा पाहून पाठ द्यावी म्हणतात.
याची नोकरीच उलटी.
तोंड देऊन उभं राहायचं आणि आकडा लिहायचा.

मंगळवारी ओरडून बोलत होता.
फुगा सुटल्या सुटल्या आडवा गेला म्हणाला,
वर गेलाच नाही, कुणी दोरी ओढल्यासारखा
पुढचं ऐकू आलं नाही.

बुधवार. गुरुवार.
बातम्यांत निळ्यावर एक पांढरा भोवरा,
पोराच्या डोक्यावर असतो तसा.
यादगिरीला दोन होते,
दोन बायका करणार म्हणून सगळे चिडवायचे.
एकही झाली नाही अजून.
धोटा गेला, आला, गेला.
माझा धागा तीनदा तुटला.
मालकानं पाहिलं, बोलला नाही.

शुक्रवारी रात्री गल्लीत
पूर्वेकडनं वारा शिरला. ओला.
रंगाचं पाणी, तंबाखू, भाजलेले शेंगदाणे
हे आमचे वास.
याला कुठला वास होता, सांगता येणार नाही.
आईनं सूप आत ओढलं तोवर
विड्या मऊ पडल्या होत्या,
सकाळी कारखान्यात निम्म्या छाटात जाणार.
उंबऱ्यात उभी राहून ती वाऱ्याशी भांडली,
आधी तेलुगूत, मग कानडीत,
उरलेलं मराठीत.
तीन दिवसांमागं त्याच्या अंगावरनं आलास ना,
मग विड्या काय भिजवतोस,
तो कसा आहे ते सांग.
वाऱ्यानं पत्रा वाजवला.
रात्रभर तेवढंच.

रविवारी फोन लागला.
छप्पर गेलं. तो आहे.
नोंदवही पोटाशी बांधली होती म्हणे, प्लास्टिकात.
आई डोळे पुसत होती तेव्हा मला विचारतो,
तुमच्याकडं वारा कुठला?

गच्चीवर गेले.
केसांत अडकलेली रुई काढली, चिमटीतून सोडली.
आधी ती खाली गेली,
मग येमुलांच्या टाकीकडं,
मग तिलाही कळेना.
ईशान्य, म्हणाले. बहुतेक.
वेग?
वाळत घातलेली चादर उडतेय,
पण चिमटा सुटला नाही.

हे वहीत बसत नाही, तो म्हणाला.
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग विचारलं त्यानं,
लाकडी चिमटा, की प्लास्टिकचा?